टॉय ट्रेन आणि यांच्या फेऱ्या

"चढायला शिडी लागते, ती कसली गाडी," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. पण आमचे हे जॅकेटची चेन ओढत बाहेर आले, तशा त्याच सासूबाई म्हणाल्या, "झकास दिसतोस रे, कैलास."

यांनी नवी मोटारसायकल घेतली, तिच्यावर बसलं की यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. कात्रपमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ते दिसत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. कंपनीने मुदतीआधी घरी बसवल्यापासून हा माणूस टीव्हीसमोर बुरशी धरत होता. गाडी आली आणि शीळ घालायला लागला. ती शीळ कोण बंद करणार? म्हणून मी मागे बसायचे. सिग्नल आला की आधी मी उडी मारायची आणि गाडी धरायची. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे! प्रेम कसलं, मी स्टँड होते.

उल्हासनगरच्या धर्मेशचा रायडिंग ग्रुप लडाखला निघाला होता आणि यांना त्यात जायचंच होतं. धर्मेशने आधी चाचणी ठेवली. नेरळला जायचं, माथेरानच्या टॉय ट्रेनसोबत घाट चढायचा. जमलं तर लडाख. "आपल्याला काय अवघड! लडाख पक्कं समज," हे मला म्हणाले. माझ्या कंबरेने तेव्हाच धसका घेतला.

अंबरनाथला शिवमंदिरापाशी सगळे जमले. काय एकेकाचा थाट! गुडघ्याला कवच, कोपराला कवच, डोक्यावर कॅमेरा. निघाले जणू सरहद्दीवर, आणि वांगणी येते न येते तोच वडापावला थांबले. त्याआधी प्रत्येक चाकाखाली लिंबू चिरडून झालं होतं. हे देवळाच्या पायरीवर उभे राहून गाडीवर चढले. धर्मेशने ते पाहिलं आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

घाटात एके ठिकाणी रस्ता रूळ ओलांडतो. तिथे लाल झेंडा घेऊन माणूस उभा, आणि खालून टॉय ट्रेन येत होती. येत होती म्हणजे, सासूबाई भाजी घेऊन जिना चढतात त्या बेताने. मी सवयीने उडी मारली. खाली होती खडी. स्टँड आडवा झाला!

आता थांबलं तर पडणार, म्हणून यांनी कडेच्या मोकळ्या जागेत गाडी गोल वळवली. मग आणखी एक वळण. धर्मेशला तो स्टंट वाटला असावा. "क्या बात है, काका!" म्हणत तोही यांच्या मागे फिरू लागला. त्याच्या मागे ग्रुपमधला अनीश, अनीशच्या मागे अक्षदा. रुळांशेजारी गरबाच सुरू झाला. हा प्रकार पाहून ट्रेनवाल्याने ट्रेन थांबवली. खिडक्यांतून मुंडकी बाहेर, पोरं टाळ्या वाजवताहेत, मागे टॅक्सीवाले हॉर्न बडवताहेत.

झेंडेवाला मला म्हणाला, "मॅडम, यांचं आटपलं की ट्रेन सोडतो."

हे माझ्यासमोरून गेले. "माधवी, ट्रेन का थांबली?"

"तुमच्यासाठी."

पुढच्या फेरीला म्हणाले, "तिला जायला सांग."

"ती तुम्हाला थांबायला सांगतेय!"

त्यानंतरच्या फेरीला काचेआड चेहरा घामाने निथळत होता. खरं काय ते मी ओरडून सांगू शकले असते, अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या लोकांपुढे? पुन्हा टीव्ही, पुन्हा बुरशी. मी गुडघ्याची खडी झटकत राहिले.

शेवटी यांनीच हेल्मेटची काच वर केली आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, धरा कोणीतरी! माझे पाय टेकत नाहीत!"

टाळ्या थांबल्या. हॉर्नसुद्धा थांबले. मी आणि झेंडेवाला धावलो, दोन्ही बाजूंनी यांना धरलं.

मागून धर्मेश मात्र फिरतच राहिला. आमच्या जवळून जाताना बारीक आवाजात म्हणाला, "काकी, यांचं झालं की मलापण धरा."