साखरेच्या डब्याचं इंग्रजी

सून डब्यांशी बोलते, ही सासूबाईंची तक्रार होती. माणसांशी दोन शब्द बोलायचे तर तोंडात मिठाची गुळणी, आणि स्वयंपाकघरातल्या फळीसमोर उभी राहिली की गाडी सुसाट. तीही इंग्रजीत.

"बोलू दे की आई," लेक बूट चढवता चढवता म्हणाला. "संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची नोकरी आहे. आधी दोन ठिकाणी मुलाखतीत तिची बोबडी वळली. आज तिसरी आहे, फोनवर, चेहरा दिसतो त्यात. ही हुकली तर परत कुठे जायची नाही म्हणते."

"मुलाखत माणसं घेणार ना? मग मिठाला काय सांगत असते?"

लेकाने उत्तर न देता बाहेरचा रस्ता धरला. या घरात तो सुखी होता तो त्याच सवयीमुळे.

सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण कान शाबूत होते. दाराआडून त्यांनी सगळं ऐकून ठेवलं होतं. सून एकेका डब्यावर टिचकी मारी आणि काहीतरी पुटपुटे. शेवटचा शब्द दर वेळी तोच, चार्ज. त्याच्या आधीचा मात्र डब्यागणिक वेगळा. चहाला टेक, मिठाला एक्स्ट्रा, साखरेला फ्री ऑफ, पिठाच्या थोरल्या डब्याला इन. हा चार्ज आहे कोण, आणि आपल्या फळीवर त्याचं काय काम, या विचाराने त्यांचा दुपारी डोळा लागेना. सरळ विचारावं, तर सुनेला विचारावं लागणार. ते त्यांच्या मानाला पटेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच छडा लावायचा. ही डब्याशी बोलते की डब्याच्या जागेशी, एवढं तरी कळेल. सून केस विंचरायला गेली तेवढ्यात त्यांनी फळीवरचे डबे इकडचे तिकडे केले आणि दाराआड जाऊन उभ्या राहिल्या.

सुनेने फोन टेबलावर उभा केला, फळी समोर राहील असा. पडद्यावर चष्म्यातल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी शिकवाल तसं शिकवून दाखवा. शब्द तुमच्या आवडीचा घ्या."

"चार्ज," सून जोरात म्हणाली आणि तिने फळीकडे पाहिलं.

पहिल्या जागेवर चहा हवा होता. तिथे पिठाचा डबा ढिम्म बसलेला. साखरेच्या जागी मीठ, आणि चहा पार कोपऱ्यात.

"टेक ऑफ," सून म्हणाली. "नाही, एक्स्ट्रा इन. म्हणजे फ्री..." आणि थांबली.

दाराआड सासूबाईंच्या आत्ता ध्यानात आलं. पोरीने सगळं इंग्रजी त्या फळीवर रचून ठेवलं होतं, आणि आपण ते विस्कटलं. त्या तशाच आत घुसल्या आणि घाईघाईने डबे जागच्या जागी ठेवू लागल्या. बाकीचे बसले. पिठाचा काही ऐकेना. तो कलंडला, झाकण उडालं, आणि दोघी, टेबल, फोन सगळं पांढरं झालं.

"तिकडे काय चाललंय?" फोनमधून आवाज आला.

सासूबाईंनी बोटाने पडदा पुसला. "मी हिची सासू. डबे मी हलवले, हिची चूक नाही. पण तुम्ही शिकलेल्या दिसता, मला एवढं सांगा, हा चार्ज म्हणजे आहे तरी काय?"

बाई सुनेला म्हणाल्या, "सांगा यांना."

फळीकडे बघायची आता सोय नव्हती, समोर सासूबाई उभ्या होत्या.

"आई, तो शब्द एकटा असला की त्याचा नेम नसतो. शेजारी कोण बसलंय ते बघायचं."

"कोडी घालू नकोस."

"तुम्हीच बघा ना. काकांच्या शेजारी बसलात की वहिनी. भाच्याच्या शेजारी मामी. माझ्या शेजारी..."

"कळलं. पुढे."

"एक्स्ट्रा बसला की जादा पैसे. फ्री ऑफ बसलं की फुकट."

"साखर काय फुकट येते?"

"शेजारच्या काकूंना जाते ना."

"जाते खरी. वाटीसुद्धा परत येत नाही. आणि चहाला टेक?"

"टेक चार्ज. कारभार हातात घेणं."

"कुणाचा?"

फोनमधल्या बाई जरा पुढे सरकल्या.

"वर्गाचा, आई."

"असं होय. आणि पिठाला इन?"

"ज्याच्या हातात कारभार आधीपासूनच आहे, तो इन चार्ज."

"या घरात पीठ कोण काढून देतं?"

"तुम्ही."

"म्हणून पिठाला?"

"म्हणून पिठाला."

सासूबाईंनी गालावरचं पीठ सावकाश पुसलं. त्यांना हसू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

"मला आणखी काही विचारायचं नाही," चष्म्यातल्या बाई म्हणाल्या. "सोमवारपासून या. सासूबाई वर्गात बसणार असतील तर त्यांना फी माफ."

"फ्री ऑफ ना?" सासूबाई म्हणाल्या. "बघते, वेळ झाला तर."

फोन बंद झाला. सून खाली बसून पीठ गोळा करायला लागली. हसते आहे की रडते आहे, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"ऊठ. तिकडचा टेक तू घे. इथली इन मीच आहे. आणि आता त्या डब्यांचा पिच्छा सोड. काही बोलायचं असेल तर मला बोलत जा."