कोरी मशिनं

सकाळी दहाला गाठोड्यांनी मशिनांच्या खोलीत जाऊन पहिल्या मशीनवर इन्स्टॉलर चालवला, आणि तो चालला नाही. दुसऱ्यावर चालवला, तिथेही नाही. तिसऱ्यावर तर त्याने सुरू होण्याचीही तसदी घेतली नाही. दोन वर्षांत असं कधी घडलं नव्हतं, आणि घडायला नेमका आजचाच मुहूर्त मिळाला होता.

गाठोडे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कंपनीचा ग्रंथालयांसाठीचा एक प्रोग्रॅम होता. तो लोकांच्या मशीनवर आपोआप बसावा म्हणून त्याच्या सगळ्या फाइली एकत्र बांधून इन्स्टॉलर तयार करणं हे त्यांचं काम. म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नोकरी मात्र चिकटली नव्हती. दर सहा महिन्यांनी त्यांच्या हातात ‘तात्पुरती मुदतवाढ’ असं पत्र पडे. सासरे प्रत्येक भेटीत विचारत, “काय जावईबापू, अजून तात्पुरतेच का?” गाठोडे हसून वेळ मारून नेत, पण ते त्यांना फार लागायचं. या खेपेला साहेबांनी शब्द दिला होता. बारा वाजता चाळीस शाखांच्या एका ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल येणार, त्यांच्यासमोर सहाही मशिनांवर प्रोग्रॅम बसला की संध्याकाळी कायम झाल्याचं पत्र.

मशीन चालवणारी मूळ प्रणाली सहाही ठिकाणी लिनक्सच होती. पण लिनक्सचं घराणं एक असलं तरी चुली वेगळ्या. एकाकडे जी फाइल घरचीच असते, ती दुसऱ्याकडे मागूनही मिळत नाही. म्हणून ऑफिसने मशिनांना नात्यांची नावं देऊन टाकली होती. थोरल्या जाऊबाईंनी दहा वर्षांपूर्वीचं सगळं जपून ठेवलेलं, नवीन काही दिसलं की त्या नाक मुरडत. नवी नवरी रोज सकाळी काहीतरी नवीन अंगावर चढवून बसायची. सासूबाईंना विचारल्याशिवाय एक फाइल इकडची तिकडे करता येत नसे. उरलेली तीन मशिनं म्हणजे तीन मामा; त्यांचं कशालाच काही म्हणणं नसे.

आता एखाद्या मशीनवर फाइल कमी पडली, तर ती इन्स्टॉलरच्या यादीत लिहावी म्हणजे तो ती बरोबर घेऊन येतो, ही झाली रीत. गाठोडे ती फाइल सरळ हाताने मशीनवर टाकत आणि मनाशी म्हणत, यादीत नंतर लिहू. यादीत लिहायचं तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, आणि हाताने टाकायची तर दोन मिनिटांचं काम. असं करत करत सहाही मशिनांचे इतके लाड झाले होते, की त्यांच्यावर काहीही चालवलं तरी चालायचं. दर आठवड्याच्या अहवालात गाठोडे बिनदिक्कत लिहीत, ‘सहाही मशिनांवर चालतं.’

एवढ्यात चाचणी विभागाच्या शंकाताई आत आल्या. ऑफिसात सगळ्यांत जुन्या त्याच. दिवसातून पन्नास शंका काढण्याचा त्यांना पगार मिळे आणि त्या साठ काढत.

“ताई, काल मशिनांना कोणी हात लावला होता का?”

“मी लावला. सगळी पुसून ठेवली. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरायला नको?”

“पुसून म्हणजे?”

“म्हणजे कोरी. दुकानातून आणल्यासारखी. इन्स्टॉलर नीट असेल तर कोऱ्या मशीनवर चालायलाच हवा. आहे ना नीट?”

“आहे की,” गाठोडे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ताई गेल्या आणि गाठोडे इन्स्टॉलरची यादी उघडून बसले. दोन वर्षांत कुठे काय काय टाकलं होतं ते आठवायचं, आणि तेही दोन तासांत. जाऊबाईंना एका फाइलीची जुनी आवृत्ती हवी होती. ती यादीत घातली तर नवी नवरी रुसली. नवरीसाठी नवी आवृत्ती घातली तर ती जागेवर ठेवायला सासूबाईंनी परवानगी नाकारली. सासूबाईंची मनधरणी करावी तर तीन मामांपैकी एक, ज्याचं आजवर कशालाच काही म्हणणं नव्हतं, तो बंद पडला. एकाला झाकावं तर दुसरं उघडं पडत होतं.

साडेअकराला साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. “गाठोडे, ग्रंथपाल निघालेत. झालंय ना सगळं?”

“झाल्यातच जमा आहे, साहेब.”

मग मात्र गाठोड्यांनी निवड करणंच सोडून दिलं. जुन्या, नव्या, लागतील त्या, न लागतील त्या सगळ्या फाइली त्यांनी इन्स्टॉलरमध्ये कोंबल्या. त्या ठेवायला त्यांनी मशीनवरचं एक सामाईक फोल्डर निवडलं. ते कपाटासारखं, बाहेरून आलेला कुठलाही प्रोग्रॅम आपलं सामान तिथे ठेवू शकतो, आणि सासूबाईसुद्धा तिथे हरकत घेत नाहीत. इन्स्टॉलर वीस पट फुगला, पण चालला. राहता राहिला प्रोग्रॅम काढून टाकण्याचा भाग. कपाटात आपण काय काय ठेवलं याची यादी करायला वेळ नव्हता. गाठोड्यांनी एकच ओळ लिहिली: कपाट रिकामं कर. ती ओळ त्यांनी चालवून पाहिली नाही. काढणं कोण बघतो? ग्राहक बसवणं बघायला येतो.

ग्रंथपाल बाराच्या ठोक्याला आले. सहाही मशिनांवर प्रोग्रॅम बसला. जाऊबाईंनी वेळ घेतला, पण नाक मुरडलं नाही. साहेबांचा चेहरा खुलला. ग्रंथपाल मात्र सगळं नुसतं बघत राहिले, आणि शेवटी त्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला.

“आता यावर बसवा.”

त्यावरही बसला.

“छान. आता काढा.”

“काढा?” साहेब म्हणाले. “अहो, आत्ताच तर बसवला!”

“बसवतात सगळेच. तीन वर्षांपूर्वी एकांनी असाच गोड बोलून बसवला होता. तो प्रोग्रॅम आता नकोय, पण जात नाही. मशीन सुरू केलं की आधी हा दारात उभा, ‘नोंदणी करा’ म्हणत. बंद केला तर पाच मिनिटांत परत हजर. या लॅपटॉपवर आणि चाळीस शाखांत हीच गत आहे. माणसं आणली, पूजा सोडून सगळं केलं. तेव्हा तुमचा कसा जातो ते आधी दाखवा.”

गाठोड्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवरून पुसल्या जाणाऱ्या फाइलींची नावं भराभर सरकू लागली. सुरुवातीची नावं ओळखीची होती. मग अनोळखी येऊ लागली, आणि ती थांबेचनात. त्या जुन्या प्रोग्रॅमचं बिऱ्हाडही त्याच कपाटात होतं, हे गाठोड्यांच्या ध्यानात आलं तेव्हा कपाट रिकामं झालेलं होतं. ग्राहकाचं सामान ग्राहकाच्या देखत साफ. गाठोड्यांना कायम होण्याचं पत्र सोडाच, मुदतवाढीचंही डोळ्यांसमोरून जाताना दिसलं.

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. ‘नोंदणी करा’ म्हणणारी चौकट आली नाही. ग्रंथपालांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“गेला?” ग्रंथपालांनी हलक्या आवाजात विचारलं.

“माफ करा,” गाठोडे म्हणाले, “ही आमची—”

“ही आमची खास सोय आहे!” साहेब मध्येच म्हणाले.

ग्रंथपालांनी चष्मा काढून डोळे पुसले. “तुमच्या प्रोग्रॅमचं पुढे बघू. हे काढायचं जे आहे ना, ते तेवढं चाळीस शाखांना आधी द्या.”

संध्याकाळी पत्र मिळालं. गाठोडे कायम झाले होते, प्रोग्रॅम काढून टाकण्याच्या नव्या विभागाचे प्रमुख म्हणून. त्यांनी ते तीनदा वाचलं. इतका आनंद झाला की आपण सकाळी खोटं बोललो होतो हेही ते घटकाभर विसरले.

दुसऱ्या दिवशी शंकाताई मशिनांच्या खोलीत त्यांची वाटच बघत होत्या.

“अभिनंदन. आता या काढण्याची चाचणी घ्यायला हवी. पण कोऱ्या मशीनवर काढणार काय? चांगली बरबटलेली मशिनं हवीत. जिकडेतिकडे हाताने टाकलेल्या फाइली, कशाचा कशाला पत्ता नाही, अशी. तुझ्याइतकं ते कोणाला जमणार?”

गाठोड्यांनी चमकून पाहिलं. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पुसताना सगळं दिसतं, बाबा.”

“मग काल सकाळी बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं की! आहे ना नीट? तू म्हणालास, आहे की.”

त्या निघून गेल्या. गाठोड्यांनी जाऊबाईंसमोर खुर्ची ओढली आणि पहिली फाइल हाताने टाकायला घेतली. आता हे काम चोरून करायचं काही कारण नव्हतं. तरी ते उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.