मागचं दार पुढे आहे

छपरातलं मला सगळं कळतं. म्हणजे कळायचं. गेल्या आठवड्यापर्यंत.

शिकलो मोबाईलवर. आठ-दहा व्हिडिओ बघितले की माणूस अर्धा इंजिनिअर होतो आणि उरलेला अर्धा आगाऊ. बाबा कामासाठी परगावी, ताई बाळाला घेऊन पहिल्यांदाच घरी येणार, आणि नेमकी तिच्याच खोलीत कौलांतून धार! एवढंसं बाळ, त्याला थेंबसुद्धा लागता कामा नये. मी बाबांना फोनवर म्हटलं, काळजी करू नका, मी बघतो. ते म्हणाले, आईला फोन दे.

आमच्याकडची हवा म्हणजे आमची आत्या. सकाळी तापते, दुपारी घुमते, संध्याकाळी कारण नसताना रडते. तापते म्हणून साधा पत्रा बाद, वारा घुमतो म्हणून कौलं बाद. मी ठरवलं, आतून अस्तर असलेला जाड पत्रा आणि एकाच बाजूला सणसणीत ढाळ, म्हणजे उतार. मित्राला फोनवर हेच सांगत होतो, "ढाळ जास्त हवा," तर आई धावत आली. "किती वेळा झाले?" संध्याकाळी ताटात नुसता भात.

मग ठेकेदार. आधी एक काकू आल्या. त्यांचे प्रश्नच संपेनात. वारा कुठून येतो, पाणी कुठे जाणार, घराची पुढची बाजू कोणती. मला वाटलं, बाईंना काहीच माहीत नाही, सगळं मलाच विचारतायत! दुसऱ्या ठेकेदाराने एकही प्रश्न विचारला नाही. मी काहीही बोललो की तो म्हणायचा, होऊन जाईल. आम्ही त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. काम अर्थातच त्याला.

"पाणी पुढच्या दाराकडे काढा," मी बजावलं. "तिकडे कुणी फिरकत नाही."

"होऊन जाईल."

आता आमच्या घराची एक गंमत आहे. बाबांनी घर बांधलं तेव्हा रस्ता पलीकडे होता. मग नवा रस्ता अलीकडून झाला, पण दारांची नावं कुणी बदलली नाहीत. त्यामुळे रस्त्यावर उघडतं ते आमचं मागचं दार, आणि बोळात उघडतं, ज्याला कपाट टेकवलंय, ते पुढचं. आम्हाला यात काहीच विचित्र वाटत नाही.

पत्रे बसले. आई वर बघत म्हणाली, उतार रस्त्याकडे वाटतोय रे. मी म्हटलं, आई, खालून तसंच दिसतं.

ताई यायच्या दिवशी आकाश असं काळं झालं की आईचा तो नुसता भात आता खरंच लागेल असं वाटलं. पाऊस कोसळला. मी खोलीत धावलो. एक थेंब नाही! छाती फुगली. तेवढ्यात आईने हाक मारून रस्त्याकडचं दार दाखवलं. अख्ख्या छपराचं पाणी उंबऱ्यावर धबधब्यासारखं पडत होतं. त्यातून म्हैस गेली असती तरी धुऊन निघाली असती.

ताईला फोन लावला. "पुढच्या दाराने ये!" आणि आम्ही मायलेकांनी कपाट ढकलायला घेतलं. दार फुगलेलं. खांदा लावून उघडलं, तर बोळात छत्री घेऊन ताई. एकटी.

"बाळ कुठाय?"

"ह्यांच्याकडे, टॅक्सीत. त्यांनाही सांगितलंय, पुढच्या दाराने या म्हणून."

भावजी जावई. त्यांना आमची दारं कुठून माहीत? पळत रस्त्याकडे गेलो. धबधब्यापलीकडे भावजी, कोटाच्या आत गाठोडं.

"भावजी, थांबा! मागच्या दाराने या!"

मी त्यांच्या हिशेबाने बोललो होतो, ते शहाण्यासारखे बोळाकडे वळले. तेवढ्यात आई मागून ओरडली, "अहो, मागच्या नको, पुढच्या!"

ते परत फिरले. "नाही, मागच्या!" मी. "पुढच्या!" आई. सगळे चूक, सगळे बरोबर. भावजींनी दोन फेऱ्या मारल्या, आमच्याकडे एकदा बघितलं, कोट आवळला, पाठ केली आणि उलटे चालत सरळ धबधब्यातून आत आले.

कोट उघडला. बाळ कोरडं ठणठणीत, गाढ झोपलेलं. भावजींच्या बुटातून मात्र पाणी बदाबदा. टॉवेल घेत ते एवढंच म्हणाले, "छप्पर छान झालंय."

होऊनजाईल फोन उचलत नव्हता. शेवटी काकूंना लावला. पन्हळ बसवून पाणी वळवता येईल म्हणाल्या, पण आधी एक सांगा, घराची पुढची बाजू कोणती?

मी फोन भावजींच्या हातात दिला.