पैनगंगा आणि मंजूर पंखा

पैनगंगेच्या घाटावर उकंडराव नावाड्यांची लाकडी नाव चालत असे. पावसाळ्यापासून माघापर्यंत नदीला पाणी राही आणि तोवर गावाला पलीकडे जायला दुसरी सोय नव्हती. सन १९५७ च्या आषाढात उकंडरावांचा उजवा खांदा वर जाईनासा झाला. त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, महिनाभर तेल चोळून पाहिले. गुण येईना, तेव्हा उकंडरावांनी वाशीमच्या कचेरीत अर्ज दिला, की नावेला एक लहानसे इंजिन मिळावे.

अर्जाची तत्परतेने दखल घेण्यात आली. आठच महिन्यांत ‘इंजिन व पंखा निवड समिती’ स्थापन झाली. पाच सभासदांपैकी एकानेही ती नाव पाहिलेली नव्हती, त्यामुळे निवड निःपक्षपाती होणार याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

समितीचे प्रमुख मदनसिंग साहेब यांनी उकंडरावांना बोलावून घेतले.

“किती ताकदीचं इंजिन हवं?”

“साहेब, नाव बारा माणसायची. चार-पाच घोड्यायचं लय झालं. पाण्यात फिरते तो पंखा लहान पाहा, अन् उचलता आला पाह्यजे. नदीच्या मधात खडक हाये. तिथं पाणी गुडघ्याच्या वर जात नाही. मोठा पंखा फुटून जाईन.”

साहेबांनी सारे लिहून घेतले. माणूस भला होता. म्हणूनच एवढी लहान मागणी पाहून त्यांना वाईट वाटले.

“उकंडराव, उद्या नाव मोठी झाली तर? नदी मोठी झाली तर?”

“नदी कायले मोठी होईन, साहेब?”

“योजना चालू आहेत,” साहेब म्हणाले.

भविष्याचा असा विचार करून समितीने बावीस घोड्यांचे इंजिन मंजूर केले. त्याला लहान पंखा शोभेना, म्हणून समुद्रातल्या बोटीला लावतात तसला पितळी पंखा मागवला. दोन्ही वस्तू रेल्वेने वाशीमला आणि तिथून बैलगाडीने घाटावर आल्या. नावेत इंजिन बसले आणि सात माणसांची जागा गेली.

चाचणीच्या दिवशी इंजिनाला हार घातला. नाव तीस पावले अशी धावली, की काठावरच्या म्हाताऱ्यांनी पागोटी धरली. मग खडक आला. पंख्याचे एक पाते नदीत राहिले आणि उकंडरावांनी डाव्या हाताने बांबू रेटत साहेबांना काठाला आणले.

रीतसर चौकशी झाली. इंजिन मंजूर ताकदीचे होते, पंखा मंजूर मापाचा होता. सबब दोष नदीकडे जात होता. ‘नदीची खोली मंजूर पंख्यास अनुरूप नाही’ असा शेरा मारून नदी खोल करण्याचा प्रस्ताव वर पाठवण्यात आला. तो मंजूर होईतो इंजिन सुरू करू नये. सरकारी मालमत्ता असल्याने नावेतून काढू नये. मात्र ते वापरात असल्याची नोंद राहावी म्हणून रोज एकदा नदीपार नेऊन आणावे, असा हुकूम निघाला.

“म्हंजे मी याले वल्हवत नेऊ?” उकंडरावांनी विचारले.

“तात्पुरतं,” साहेब म्हणाले.

रुखमाबाईंनी पदर खोचला आणि उजवीकडचे वल्हे हाती घेतले.

त्यानंतर नावेत पाचच माणसे मावू लागली. बाकीची काठावर थांबत, पण कुरकुर कोणी करत नसे. इंजिनाची नाव पंचक्रोशीत दुसरीकडे कुठेच नव्हती. बसणारे इंजिनाला पाय लागू देत नसत.

एकदा गावात नवे मास्तर आले. नावेत बसल्यावर त्यांनी घामाघूम झालेल्या रुखमाबाईंकडे पाहिले, मग इंजिनाकडे पाहिले.

“हे सुरू का करत नाही?”

 शेजारी बसलेले रामराव पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, “मास्तर, सुरू केलं तं बंद पडन ना.”

मास्तर जरा सरकून बसले आणि त्यांनीही पाय आखडून घेतले. तुम्हीआम्ही तरी, जागा मिळाल्यावर, दुसरे काय केले असते?