टबातले रुसलेले

दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला, आणि सगळ्यांचीच थोडी निराशा झाली. देवजीकाका तर विडी पेटवायला जरा बाजूला गेले होते. ते परत येईपर्यंत कावळ्याने भात उधळूनही टाकला होता.

"पंढरीची काय इच्छाच नव्हती काय?" बाईजाआत्या परतताना म्हणाली. सख्ख्या भावाने जाताना काहीच मागे ठेवू नये, हे तिला पटत नव्हतं.

मागे राहिला होता तो एक निळा टब. शेजारच्या देवजीकाकांनी यंदा दोन्ही घरांच्या मधलं डबकं टेम्पो लावायला मुरूम टाकून बुजवलं. त्यातले बेडूकमासे दामिनीच्या बाबांनी घमेल्याने उचलून या टबात आणले. रोज जेवणं झाली की ठाण्याला तिला त्यांचा फोन यायचा. "आज एकाला मागचे पाय आले." "शेपटी निम्मी झाली गो." आता त्या वेळेला तिचा हात आपोआप फोनकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

शेपट्या विरून गेल्या होत्या. नखाएवढी बेडकाची पिल्लं टबातल्या विटेवर बसून होती आणि काही खात नव्हती. तेरावं उरकलं की घराला कुलूप लावायचं, किल्ली आत्याकडे द्यायची, असं ठरलं होतं. त्याआधी ती एकदा खाताना दिसावीत, एवढंच दामिनीला हवं होतं. बाबांच्या हातची जिवंत गोष्ट तेवढीच उरली होती.

तिने भात घातला. कणीक घातली. शेवेचा चुरा घातला. पिल्लांनी तोंडं फिरवली. फोनवर वाचलं, की हललेलंच त्यांना दिसतं. मग तिने भाताचं शीत दोऱ्याला बांधलं आणि टबावर वाकून ते हलवत बसली.

"काय गो, गळ टाकलायस?" आत्या मागे येऊन उभी होती.

"खात नाहीत, आत्या."

आत्याने टबात पाहिलं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "अशी भानगड आहे तर. कावळ्याचं काय, तो मेला सदाचा भुकेला. खरं हे अडून बसलेत. पंढरीचं मन ह्यांच्यात आहे."

"आत्या, ते बेडूक आहेत."

"मग? कावळा काय तहसीलदार आहे?"

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. शेजारची दर्शना पदर सावरून टबासमोर बसली आणि म्हणाली, "पंढरीतात्या, तुमचा पाना आमच्याकडेच आहे. आज आणून देते." पाना आला. पिल्लं ढिम्म. वाडीतल्या भगीरथने, बाबा सोड म्हणायचे म्हणून, तंबाखू सोडली, पुडी अंगणात फेकली आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग पुडी उचलून झटकली. "बघा, त्यांचं काय म्हणणं नाय," तो म्हणाला आणि मळायला बसला.

रिकाम्या हाताने कोण येणार? जो तो केळी आणायचा. ती टबाशेजारच्या सुपात साठून काळी पडू लागली.

देवजीकाका तेवढे फिरकले नाहीत. कुंपणापलीकडून ते टेम्पो धूत राहिले. तो तसा धुतलेलाच होता.

तेराव्याच्या सकाळी दामिनी चहा घेऊन टबाशी बसली. चहा निवून गेला तरी बसली. मग उठून तिने एक पिकून मऊ झालेलं केळं टबातल्या विटेवर ठेवलं, टबावरची मच्छरदाणी नीट ताणली आणि वरून बाबांची चादर टाकली.

"खाल्लं काय?" आत्याने विचारलं.

"जेवणं झाली की बघू," दामिनी म्हणाली. "देवजीकाकांना मात्र बोलवा."

जेवणं झाल्यावर काकांना धरून आणलं. ते टबासमोर उभे राहिले, पण टबाकडे बघेनात. "मी काय बोलू? माझं नि पंढरीचं काय भांडण नव्हतं."

 सगळे फक्त मुरुमाकडे बघत राहिले.

"अरे, मग टेम्पो कुठं लावू? डोक्यावर?"

"वडाखाली लावत होतास तो," आत्या म्हणाली.

"तिथं कावळे घाण करतात."

"तुझ्या दहाव्याला तेच लागतील. सांभाळून बोल."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं बाबा, पंढरी," ते शेवटी चादरीला म्हणाले. "उद्या मुरूम काढतो. जागा मोकळी करतो. आता तरी खा."

दामिनीने चादर ओढली. केळ्यावर चिलटांचा ढग उठला. एका पिल्लाने मान वळवली आणि उडी मारली. चिलट नाहीसं झालं. मग दुसऱ्याने. काकांनी बेडकांना हात जोडले. दर्शनाने डोळे पुसले. भगीरथने तोंडातली तंबाखू गुपचूप थुंकली.

दुसऱ्या दिवशी काका बनियनवर मुरूम उपसत होते. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात गढूळ पाणी पाझरू लागलं होतं. दामिनीने टब तिथे तिरका केला. पिल्लं एकेक करून गवतात गेली, एकानेही मागे वळून पाहिलं नाही. ती रिकामा टब धरून बराच वेळ तिथेच बसली.

कुलूप लावताना आत्या म्हणाली, "सगळी बोलली, तू तेवढी एकदा पण नाय बोललीस."

"बोलले ना. काल सकाळी, चहाच्या वेळी."

"मग?"

"तेव्हाच खायला लागली होती." सुपातल्या केळ्यांवरची चिलटं ती बोलायच्या आधीच टबात आली होती, हेही तिला दिसलं होतं. पण बोलून झालं होतं.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाकून उपसणाऱ्या देवजीकडे पाहिलं. 

"काय बोललीस गो?"

आत्याला द्यायला काढलेली किल्ली दामिनीने पुन्हा पर्समध्ये टाकली. "दर वर्षी बेडूकमासे झाले की येईन, म्हटलं. पाय फुटेपर्यंत राहीन."

आत्याने पदराने नाक पुसलं आणि आवाज खाली आणला.

"देवजीला सांगू नको. अजून अर्धा मुरूम राहिलाय."