आज तुम्ही जर्मन

मलगोंडा अण्णांनी मला आतापर्यंत जर्मन, जपानी, डच आणि एकदा ब्राझीलचा केलेले आहे. सगळे एकाच ठिकाणी, राजारामपुरीतल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत.

अण्णा आमचे शेजारी. उद्यमनगरात त्यांची फौंड्री आहे. तिथे लोखंड ओतून पंपांचे भाग तयार होतात आणि ते परदेशी जातात. परदेशी गिऱ्हाईक येणार असले की आदल्या दिवशी कुंपणावरून हाक येते, "पत्रकार, वाइच या की. आज तुम्ही जर्मन." मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो असल्याने मला जगाची माहिती असणार, असा त्यांचा समज आहे. तो मी दूर केलेला नाही.

या प्रकाराला अण्णा तालीम म्हणतात. जर्मन पाहुण्याला चहा एकदाच विचारायचा, हा तालमीतला पहिला धडा आणि तोच त्यांना सर्वांत जड जातो. "एकदाच इचारायचं? म्हंजे पावण्याला हाकलून देण्यातलाच परकार की." मी जर्मन या नात्याने चहा नको म्हणतो. अण्णा कपाकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "अर्धा तरी घ्या." मग पुन्हा पहिल्यापासून.

तालमीची गरज पडली ती त्यांच्या एका सवयीमुळे. अण्णांचे गाव कर्नाटकाच्या सीमेवर. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. दोन्ही भाषांत त्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. नकार द्यायचा असला की ते आत आवाज देतात, "पावण्यांना पोळी आणा." शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घातलेली ती पोळी, शेजारी तुपाची वाटी. गल्लीला याचा अर्थ पाठ आहे. वर्गणीला आलेली मंडळाची पोरे पोळी दिसली की पावतीपुस्तक मिटतात, पोळी खातात आणि पुढच्या दारी जातात. "अण्णा, औंदा निस्ता चहा द्या की," असे म्हणून पाहणारेही आहेत.

पहिल्या जर्मन गिऱ्हाइकाला हे ठाऊक नव्हते. त्याने नेहमीच्या निम्म्या मुदतीत माल मागितला. अण्णांनी पोळी मागवली आणि वर "होईल की" म्हणाले. त्याने दोन पोळ्या खाल्ल्या, त्या कशा करतात ते विचारले आणि तारीख टिपून घेतली. त्या तारखेला माल निघाला नाही. तो पुन्हा आला तेव्हा त्याचे म्हणणे एवढेच होते की तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी दुसरीकडे सोय केली असती. ते काम गेले. अण्णांना खरोखर वाईट वाटले होते. "पोळी दिल्ती की वो," ते मला म्हणाले. "आनि काय सांगायचं मानसानं?"

जपान्यांचे दुखणे वेगळे. पहिला जपानी पाहुणा नमुना हातात घेऊन गप्प बसला. अण्णांना शांतता सोसत नाही. तो नाराज आहे असे समजून ते आपणहून मुदत कमी करत गेले. पाहुण्याने मान वर केली तेव्हा कळले की तो फक्त नमुना बघत होता. तेव्हापासून मी जपानी झालो की गप्प बसतो आणि अण्णा गप्प बसण्याचा सराव करतात. तो फार टिकत नाही. "पंखा वाढवू काय?" असे म्हणून ते रेग्युलेटरकडे जातात.

गेल्या आठवड्यात कुंपणावरून हाक आली नाही. अण्णा स्वतः दारात येऊन उभे राहिले.

"आज कोण?" मी विचारले.

"आज तुम्ही आमची शैला."

शैला त्यांची एकुलती एक मुलगी, धातुशास्त्राची इंजिनिअर. शिक्षण संपवून ती घरी आली तेव्हा तिने जेवताना विचारले होते, "अण्णा, उद्यापासून मी फौंड्रीत येऊ?" भट्टीपाशी मुलगी उभी राहणार, हे अण्णांना रुचले नाही. त्यांनी स्वयंपाकघराकडे आवाज दिला. शैलाने पानात पडलेली पोळी पाहिली, तूप घालून सबंध खाल्ली आणि उठली. पुढे ती जर्मनीला गेली. तिथल्या एका फौंड्रीत भट्टीवरची माणसे आता तिच्या हाताखाली आहेत. हे मला वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, सांगितले होते. अण्णा कधी बोलले नव्हते. रविवारी ती सुट्टीवर यायची होती.

मी खुर्चीत बसलो. अण्णांनी हात चोळले.

"आलीस? परवास कसा झाला?"

"बरा झाला."

"जेवलीस काय?"

"अण्णा, मुद्द्याचं बोला," मी म्हणालो. हे शैला म्हणून की जर्मन म्हणून, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

"व्हय," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात वहिनी ताटली घेऊन बाहेर आल्या. पाहुणा म्हटले की पोळी काढायची, ही त्यांच्याही हाताची सवय. अण्णांनी मान न वळवता हात आडवा केला. "आत ने ती. आधी बोलू दे मला." वहिनी आत गेल्या नाहीत. ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"शैला," अण्णा म्हणाले, "माझं चुकलं तवा. फौंड्री तू बघ. तू येनार असशील तर मी तुझ्या हाताखाली बसतो. न्हाय म्हनायचं असंल तर न्हाय म्हन."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. पुढचे वाक्य माझे होते आणि ते मला माहीत नव्हते. अण्णांनी तोंड उघडले आणि मिटले. हात रेग्युलेटरकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, परत मांडीवर आला. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. वहिनी हलल्या नाहीत.

"असं कुठवर थांबायचं?" अण्णांनी हळूच विचारले.

"ती बोलेपर्यंत."

"थांबतो की," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले.