अकरा मिनिटांचा थोरला

जोतीराम टेलरनं वयाच्या बासष्टाव्या वर्षी थोरला व्हायचं ठरवलं. तेही येत्या रविवारच्या आत.

जन्मानं तो धाकटा. जुळ्यांतला, अकरा मिनिटांनी. ती अकरा मिनिटं बासष्ट वर्षं त्याच्या मागं लागली होती. पहिला फेटा थोरल्या हंबीररावला, पहिला नारळ हंबीररावला. त्याचंही जोतीरामला काही नव्हतं. पण धाकटी बहीण क्रांती हिच्या तीन पोरींपैकी दोघींना बोहल्यावर आणायचा मान थोरला मामा म्हणून हंबीररावनं घेतला होता, आणि आता शेवटची वर्षाराणी उरली होती, जिचं लग्न रविवारी होतं. शाळा सुटली की ही पोरगी जोतीरामच्या मशिनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. पहिल्या झबल्यापासून लग्नातल्या ब्लाऊजपर्यंत तिचं सगळं त्यानं शिवलं होतं. तिचा हात धरून चार पावलं चालायची, एवढंच त्याला हवं होतं. मध्ये आडवी अकरा मिनिटं.

मार्ग सापडला तो बाकड्यावर. मंगळवार पेठेत जोतीरामच्या दुकानाला लागून मौलालीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दोघांच्या मधल्या बाकड्यावर दर गुरुवारी संध्याकाळी संयोगिता मॅडम येतात. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. येऊन एक कोडं टाकतात आणि मग आठवडाभर दोन्ही दुकानांची गिऱ्हाइकं बोंबलत बसतात. ट्रकमधल्या कोंबड्या एकदम उडाल्या तर काट्यावर ट्रक हलका भरेल का, यावरून मौलाली आणि जोतीराम चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. त्या गुरुवारी मॅडमनी जुळ्या भावांचं काढलं. एक भाऊ घरी बसला, दुसरा भयंकर वेगानं अवकाशात फिरून आला. फिरणाऱ्याचा काळ सावकाश गेला, म्हणून परत आला तेव्हा तो वयानं लहान निघाला.

जोतीरामच्या हातातली कात्री थांबली.

"म्हणजे जो फिरतो त्यो धाकटा?"

"हो."

"आन् बसून ऱ्हातो त्यो थोरला."

मॅडम हो म्हणाल्या आणि पुढं बरंच काही म्हणाल्या, पण जोतीराम तिथं राहिलाच नव्हता. हंबीररावनं चौतीस वर्षं एसटी चालवली होती. कोल्हापूर, गडहिंग्लज, नेसरी. रात्री नेसरीला मुक्काम, सकाळी परत. आणि जोतीराम चौतीस वर्षं मशिनवर. पाय सारखे हलताहेत, पण माणूस इंचभर सरकलेला नाही. शास्त्राला याहून चांगली जोडी कुठं मिळणार होती? मॅडमनी मापाच्या वहीत हिशेब मांडून दिला. शून्य, टिंब, मग सहा शून्यं आणि शेवटी तीन. इतके सेकंद.

"पण दादाचं वय कमी भरलं न्हवं?"

मॅडम म्हणाल्या, भरलं, पण त्या अकरा मिनिटांपुढं हे म्हणजे काहीच नाही.

ती अकरा मिनिटं मोजली कुणी, असं जोतीरामनं विचारलं. सुईण अंबूबाईनं. तिच्याकडं घड्याळ होतं का? मौलालीनं धंद्याला स्मरून साक्ष दिली की, अंबूबाईचं घड्याळ त्याच्या वडलांकडं दुरुस्तीला कधीच आलं नव्हतं. म्हणजे अकरा मिनिटं ही ऐकीव गोष्ट आणि हे गणित. विषय मिटला!

कोल्हापुरात फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी होत नाही. शनिवारी कार्यालयाच्या दारात बारा फुटी फ्लेक्स उभा राहिला : 'वधूचे थोरले मामा (शास्त्रीयदृष्ट्या) श्री. जोतीराम.' गॉगलसकट. हंबीरराव त्याच्यासमोर, घाटात समोरून ट्रॉली आल्यासारखा, बराच वेळ थांबला. जोतीराम मापाची वही काढून भांडणाच्या तयारीत. हंबीररावनं सगळं शास्त्र ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि आत जाऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसला.

तिथंच घोटाळा झाला.

रविवारी सकाळी आचारी सांगत आला की गॅस संपला. जोतीराम सवयीनं म्हणाला, दादाला विचार. पंख्याखालून आवाज आला, "फ्लेक्स वाचला न्हाईस व्हय? थोरल्याला विचार की."

गॅस येतोय तोवर जनरेटर बसला. तो उठवला तर नवऱ्याचे चुलते विजयसिंह बसले. म्हणजे रुसून, गाडीत. इतरांचा फेटा भगवा आणि त्यांचा गुलाबी का? त्यांची समजूत काढताना फोन आला की नेसरीच्या पाव्हण्यांची गाडी वाटेत बंद पडली. हंबीररावच्या एका फोनवर दुसरी गाडी आली असती. पण हंबीरराव आता लहान होता. तो पोराटोरांच्या पंगतीत तिसरी जिलबी खात होता, आणि बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

मुहूर्ताला दहा मिनिटं असताना जोतीराम कार्यालयाच्या मागं, हातात पाना घेऊन, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, पुन्हा बसलेल्या जनरेटरशी झुंजत होता. तिथं त्याला संयोगिता मॅडमनी गाठलं. गुरुवारपासून त्या त्याला शोधत होत्या. वेगाचा हिशेब बरोबर होता, म्हणाल्या, पण उंचीचा राहिला. जितकं उंचावर राहावं तितका काळ किंचित लवकर पळतो, आणि गडहिंग्लज, नेसरी कोल्हापूरपेक्षा उंचावर. गाडी पळवून जे वाचलं त्याच्या कितीतरी पट तिकडच्या मुक्कामांत गेलं. थोडक्यात, हंबीरराव होते त्याहून जरा जास्तच थोरले झालेत.

जोतीरामला इतका आनंद झाला की त्यानं पाना टाकून मॅडमना नमस्कारच केला. गॅस, जनरेटर, विजयसिंह, सगळं एका वाक्यात दादाचं झालं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की वर्षाराणीही दादाचीच झाली.

आत भटजी माइकवरून मुलीच्या मामांना बोलावत होते. दुसऱ्यांदा. जोतीराम धावत गेला. वर्षाराणी खोलीच्या दारात उभी, आणि शेजारी हंबीरराव, हात मागं बांधून.

"दादा, मुहूर्त चाललाय. तू का न्हाई नेलंस तिला?"

"थोरल्यासाठी थांबाय नको?"

जोतीराम तिथल्या तिथं कबूल झाला. हिशेब चुकला होता. थोरला तूच, पयल्यापेक्षा जास्तच.

"ते ठावं हाय," हंबीरराव म्हणाला. "आय सांगायची, ती अकरा मिनटं मी नुसता रडत हुतो. तू आलास आन् गप झालो." तो वर्षाराणीच्या मागं सरकला. "हात धर तिचा. मी शालू सांभाळतो."

जोतीरामनं आपल्या काळ्याकुट्ट हातांकडं बघितलं आणि ते मागं घेतले. वर्षाराणीनंच पुढं होऊन एक धरला आणि आपल्या दंडावर ठेवला. फोटोत नवरीच्या बाहीवर पाच बोटं उमटलेली अजून दिसतात. बाही त्यानंच शिवलेली, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार?

पुढच्या गुरुवारी बाकड्यावर एक माणूस वाढला. हंबीरराव. त्याला मॅडमना एकच विचारायचं होतं : उंचावर वय वाढतं, तर खाली कोकणात समुद्राकाठी जाऊन राहिलं तर ती अकरा मिनिटं कधी फिटतील? त्याला धाकटं व्हायचं होतं. रविवारी त्याला ते फार मानवलं होतं.

मॅडमनी मापाच्या वहीत हिशेब केला. साधारण चौतीस कोटी वर्षं.

जोतीरामनं घाबरून भावाकडं बघितलं.

"चौतीस तर गाडीवर काढलीच की," हंबीरराव बाकड्यावर ऐसपैस सरकत म्हणाला. "बघू. घाई कुठं हाय?"